साखळी-करवतीची निवड : एका हत्याराचा इतिहास

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि काही तासांच्या अवधीत श्रीवर्धन-मुरुडकडील वाड्यांचे रूप पार पालटून गेले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आंबे-फणस मुळांसकट उन्मळले, घराकडे जाणाऱ्या वाटा बुंध्यांनी आणि फांद्यांनी बुजून गेल्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने गोव्याच्या किनाऱ्यालाही तोच अनुभव दिला. अशा प्रसंगी वाडीच्या मालकापुढे नुकसानीच्या हिशेबाआधी एक साधा प्रश्न उभा राहतो : वाट मोकळी कशी करावयाची? कोयता आणि कुऱ्हाड यांनी ज्या कामाला आठवडे लागतील ते काम दोन दिवसांत उरकणारे एक यंत्र आता तालुक्याच्या गावीही विकत मिळते. दुकानदार त्याला ‘चेन-सॉ’ म्हणतो, गडीमाणसे नुसते ‘कटर’ म्हणतात. शुद्ध मराठीत त्याला साखळी-करवत म्हणावयास हरकत नाही.

दुकानात गेलेले गिऱ्हाईक बहुधा एकच गोष्ट विचारते, ‘यांत सर्वांत जोरदार कोणते?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु या हत्याराचा इतिहास जो पाहील त्याला तो अपुरा वाटल्याशिवाय राहणार नाही. कारण गेल्या शंभर वर्षांत या यंत्रात जी सुधारणा झाली ती केवळ जोर वाढविण्याची नव्हे. ते हलके झाले, त्याचे दाते बदलले, त्याच्या मुठी रबरावर तरंगू लागल्या, त्याला साखळी थांबविणारा ब्रेक आला. यांतील प्रत्येक बदलामागे कुणाचे तरी दुखावलेले अंग आहे, कुणाची तरी बधिर झालेली बोटे आहेत, कुणाचा तरी गेलेला जीव आहे. म्हणून साखळी-करवत पारखणे म्हणजे तिच्या अंगावर लिहिलेला हा इतिहास वाचणे होय.

या इतिहासाचा पहिला धागा रानात सापडत नाही, तो वैद्यकात सापडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन वैद्यांनी बारीक दातेरी दुव्यांची एक लवचीक साखळी उपयोगात आणली. तिच्या दोन टोकांना दोन मुठी असत आणि ती हाताने मागेपुढे ओढावयाची असे. अडलेल्या बाळंतपणात, तसेच सडलेले हाड काढून टाकताना तिचा उपयोग होई. पुढे १८३० साली जर्मनीतील वुर्ट्झबुर्ग येथे बर्नहार्ड हाइने याने हाड कापण्याचे एक उपकरण बनविले. त्यात पट्टीच्या कडेने अखंड फिरणारी दातेरी साखळी होती आणि ती हाताने दांडी फिरवून चालवीत. रानातील करवतीचा वंश थेट या उपकरणापासून निघाला असे म्हणता येणार नाही. पण पट्टीभोवती फिरणाऱ्या साखळीची कल्पना प्रथम माणसाचे हाड कापण्यासाठी सुचली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. जे यंत्र लाकूड सहज कापते, त्याला हाड कापणे मुळीच अवघड नसते.

रानात मात्र तेव्हा मानवी स्नायूंचेच राज्य होते. आपल्याकडील वखारीत ओंडका उंच मांडून, एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून आरा ओढीत आणि फळ्या पाडीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रचंड वृक्ष पाडताना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कुऱ्हाडीच्या जोडीला दोघांनी ओढावयाची लांब करवत आली. तिच्यात दोन जातींचे दाते असतात : कापणारे दाते लाकडाचे तंतू दोन्ही अंगांनी तोडतात आणि त्यांच्यामधले खरवडणारे दाते ते तुटलेले तंतू लांब सळ्यांसारखे बाहेर ओढून आणतात. या करवतीचा एक नियम आहे. दोघांनीही फक्त ओढावयाचे. ढकलावयाचे कोणीच नाही. जो ढकलतो तो जोडीदारालाही दमवितो आणि पातेही वाकवितो. अमेरिकन लाकूडतोड्यांनी तिला ‘हालअपेष्टांचा चाबूक’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते, यावरून त्या श्रमांची कल्पना येते. तरी त्या श्रमात एक ताल होता, सोबत होती आणि झाड करकरू लागले की ते ऐकू येण्याइतकी शांतता होती.

या श्रमाला इंजिन जोडण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. परंतु टिकाऊ यश प्रथम जर्मनीत आले. आन्द्रेआस श्टील या इंजिनियराने १९२६ साली श्टुटगार्ट येथे आपला व्यवसाय सुरू केला आणि विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. १९२७ साली एमिल लेर्प याने पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून दाखविली, आणि त्या डोंगराचेच नाव पुढे त्याच्या कारखान्याला मिळाले. १९२९ साली श्टीलनेही पेट्रोलचे यंत्र बाजारात आणले. त्याचे वजन होते सुमारे ४६ किलो! इंजिनाच्या बाजूला एक माणूस, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस, आणि मध्ये गर्जना करणारे ते लोखंडी धूड. झाड उभे असताना पट्टी आडवी धरावयाची आणि पडल्यावर उभी करावयाची, तर तेवढ्यासाठीही त्या काळच्या यंत्रात खटपट करावी लागे. कारण इंजिन तिरपे झाले की त्यातील पेट्रोलचा पुरवठा बिघडे. शक्ती यंत्राची होती हे खरे. पण तो भार डोंगरावर चढवावयाचा, चिखलातून न्यावयाचा आणि पडत्या झाडापासून दूर सारावयाचा तो माणसानेच. यंत्राचा जोर आणि ते पेलणाऱ्या शरीराचा जोर यांचे प्रमाण जमले पाहिजे, हा धडा या पहिल्या पिढीच्या यंत्रांनी शिकविला.

दुसरा धडा एका अळीने शिकविला. सुरुवातीच्या साखळ्यांचे दाते जुन्या करवतीच्या दात्यांची नक्कल करून घडविलेले असत. हाताच्या संथ ओढीसाठी योजलेला तो दाता इंजिनाच्या वेगाने लाकडावर नुसता ओरखडे काढी, भुसा पिठासारखा बारीक पडे, धार वारंवार जाई आणि वेगवेगळ्या आकारांच्या दात्यांना कानस लावण्यात तासन्‌तास जात. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ ब्युफर्ड कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली एका लाकडात त्याला भुंग्याची जाडजूड अळी दिसली. ती लाकडातून उभी-आडवी, कोणत्याही दिशेने सारख्याच सहजतेने वाट काढीत होती. तिचे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकलेले दोन जबडे आळीपाळीने डाव्या आणि उजव्या अंगाने लाकूड कुरतडीत होते. आंब्याच्या बागाईतदारांना खोड पोखरणारी अळी ठाऊक आहे. ही अळी त्याच लांबमिशीच्या भुंग्यांच्या कुळातील. बागाईतदार तिला शत्रू समजतो. कॉक्सने तिला गुरू केले. त्याने डावा-उजवा असे आळीपाळीने बसविलेले, वाकलेल्या धारेचे दाते घडविले आणि १९४७ साली त्या साखळीचा कारखाना काढला. हा नवा दाता ओरखडत नाही, तो रंध्याप्रमाणे लाकडाची कपची काढतो. आज जगात जिथे जिथे साखळी-करवत चालते तिथे तिथे तिचे दाते या कल्पनेचेच वंशज असतात.

येथे खरेदीदाराने एक गोष्ट ध्यानी धरण्यासारखी आहे. लाकूड इंजिन कापीत नाही, दाता कापतो. बोथट साखळीचे मोठे यंत्र धारदार साखळीच्या लहान यंत्राशी बरोबरी करू शकत नाही. करवतीतून टपोऱ्या कपच्या पडत असतील तर साखळी निरोगी आहे. पिठासारखा भुसा पडू लागला आणि कापणाऱ्याला यंत्र लाकडावर दाबावे लागले, की कानस हाती घ्यावयाची वेळ झाली असे समजावे. वादळात पडलेल्या झाडांच्या सालीत माती आणि रेती भरलेली असते. ती धारेची वैरीण होय. नारळाचा तंतुमय बुंधाही साखळीची परीक्षा पाहतो. तेव्हा ज्याला कानस चालविता येत नाही आणि ती शिकण्याची इच्छाही नाही, त्याने भारी किमतीचे यंत्र घेऊन काय साधणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या धातूंचे ओतकाम सुधारले आणि दोन माणसांचे यंत्र एका माणसाच्या हाती आले. १९४९ साली अमेरिकेतील मॅक्युलॉक कंपनीने २५ पौंड, म्हणजे ११ किलोंच्या आसपास वजनाची करवत विक्रीस आणली. या कंपनीचा मालक रॉबर्ट मॅक्युलॉक याचीच पुढे अधिक ख्याती झाली ती १९६८ साली लंडनचा जुना पूल विकत घेऊन तो दगडा-दगडाने ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभारल्यामुळे. १९५० साली श्टीलचे एका माणसाने चालविण्याचे पेट्रोल-यंत्र निघाले, आणि १९५९ साली त्यांच्या ‘कॉन्ट्रा’ नावाच्या करवतीने युरोप-अमेरिकेतील रानांत एक प्रकारची क्रांतीच केली. तिचे वजन १२ किलोंच्या घरात होते, शक्ती ६ अश्वशक्तीची होती, मधली दातेरी चाके काढून टाकून साखळी थेट इंजिनाच्या दांड्याशी जोडली होती, आणि पडद्याच्या कार्बुरेटरमुळे ती आडवी, उभी वा उलटी कशीही धरली तरी बंद पडत नसे. त्याच वर्षी स्वीडनच्या हुस्कवार्नाने आपली पहिली साखळी-करवत काढली. १६८९ साली बंदुका बनविण्यासाठी स्थापन झालेला हा कारखाना. पुढे त्याने शिवणयंत्रे आणि सायकलीही बनविल्या, आणि आता रानाकडे मोर्चा वळविला.

एका माणसाच्या हाती यंत्र आले, त्याबरोबर दुसरा माणूस रानातून गेला. ही नुसती मजुरी वाचल्याची गोष्ट नव्हती. जुन्या करवतीच्या दुसऱ्या मुठीला जो असे तो झाडाचा कल पाहणारा, वरची वाळकी फांदी हेरणारा, प्रसंगी ओरडून सावध करणारा असे. इंजिनाच्या गर्जनेत झाडाची करकर ऐकू येईनाशी झाली आणि सावध करणाराही उरला नाही. आजही जाणते लोक सांगतात की साखळी-करवत घेऊन एकट्याने रानात जाऊ नये. हा सल्ला म्हणजे यंत्राने हाकलून दिलेल्या त्या जोडीदाराला पुन्हा बोलावून आणणे होय.

यानंतर शरीराचा हिशेब सुरू झाला. दिवसभर थरथरणारे यंत्र मुठीत आवळून धरणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत अकस्मात पांढरीफटक पडू लागली. प्रथम मुंग्या, मग बधिरपणा, नंतर सदऱ्याची गुंडीही लावता येऊ नये अशी अवस्था. खाणींत आणि दगडकामात हवेच्या हातोड्यांनी काम करणाऱ्यांमध्ये हा विकार विसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होता. १९१८ साली डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यातील पाथरवटांमध्ये त्याची तपासणी केली होती. साखळी-करवतीच्या कामगारांतील हा विकार वैद्यकीय नियतकालिकांत ठळकपणे आला तो १९६०च्या दशकात. जपानसारख्या देशात तर दिवसाकाठी किती वेळ करवत चालवावयाची यावर मर्यादा घालण्याची पाळी आली. यंत्रे बनविणाऱ्यांनाही मग मार्ग बदलावा लागला. त्याच दशकाच्या मध्यापासून मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची, पुढे स्प्रिंगांची, उशी बसविण्यास प्रारंभ झाला.

या उशीची किंमत केवढी, हे फिनलंडच्या अनुभवावरून कळते. तेथील रानकामगारांची वर्षानुवर्षे तपासणी करण्यात आली. १९७२ साली त्यांतील सुमारे ४० टक्के कामगारांना पांढऱ्या बोटांचा विकार होता. १९९० साली हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आले. मधल्या काळात कामगारांची बोटे बदलली नव्हती, करवत बदलली होती. दुकानात दोन यंत्रे शेजारी-शेजारी मांडलेली असतात. एक स्वस्त, मूठ इंजिनाला थेट जखडलेली, दुसरे थोडे महाग, मुठीखाली स्प्रिंग असलेले. त्या दोहोंच्या किमतीतील अंतर म्हणजे काय, हे या दोन आकड्यांत लिहिलेले आहे.

याहून भयंकर धोका उसळीचा. पट्टीच्या नाकाचा वरचा भाग चालू साखळीनिशी एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला की दाते लाकडात अडकतात, आणि साखळीची सारी गती उलटून पट्टी वरच्या दिशेने, कापणाऱ्याच्या तोंडाकडे वा मानेकडे झेप घेते. ही झेप माणसाच्या सावधपणाहून वेगवान असते. तिला नुसत्या मनगटाच्या जोरावर आवरता येईल असा भरवसा कोणी धरू नये. १९७०च्या दशकाच्या आरंभी युरोपातील कारखान्यांनी पुढच्या मुठीसमोर ढाल आणि तिला जोडलेला ब्रेक आणला. हात ढालीवर आपटला की साखळी निमिषार्धात थांबते; नंतरच्या यंत्रांत तर हात न लागताही, केवळ उसळीच्या धक्क्याने ब्रेक लागतो. उसळी कमी करणाऱ्या साखळ्या निघाल्या, आणि लांब धाग्यांचे थर शिवलेल्या विजारी निघाल्या. साखळी अशा विजारीला लागली की धागे ओढले जाऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि ती पायापर्यंत पोहोचण्याआधी थांबते.

पण केवळ यंत्र सुधारून माणूस वाचत नाही, हेही या इतिहासातच नमूद आहे. १९७५ साली स्वीडनमधील रानकामगारांनी मोठा संप केला. त्यांची मुख्य मागणी यंत्राविषयी नव्हतीच. जितके लाकूड पाडाल तितकी मजुरी ही पद्धत जाऊन ठरलेले मासिक वेतन मिळावे, ही होती. कारण उघड होते. ज्याची चूल पाडलेल्या झाडांच्या संख्येवर पेटते तो ब्रेक तपासावयास थांबत नाही, कानस लावावयास थांबत नाही, अंगातली शीण ओळखून घरीही जात नाही. वाडीचा मालक रोजंदारीच्या गड्याच्या हाती करवत देतो तेव्हा हा धडा त्यालाही लागू पडतो. ‘आज संध्याकाळपर्यंत सगळे साफ झाले पाहिजे’ हे वाक्य बोथट साखळीइतकेच धोक्याचे आहे.

माणसाच्या शरीराप्रमाणे रानाच्या शरीराचाही हिशेब झाला. हाताच्या करवतीने ज्या वृक्षाला बरेच तास लागत तो काही मिनिटांत आडवा होऊ लागला, तेव्हा रानांच्या तोडीला पूर्वी असलेला नैसर्गिक लगाम सुटला. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात १९७०च्या दशकात रबराचा चीक गोळा करणारे गरीब लोक बायकामुलांसह करवतवाल्यांसमोर जाऊन उभे राहू लागले. त्यांचा पुढारी चिको मेंडिस याची २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याच्या राहत्या घरी हत्या झाली. फिलिपाइन्स देशाने २००२ साली खास साखळी-करवतीसाठीच कायदा केला आणि ती बाळगण्यास नोंदणी व परवाना आवश्यक ठरविला. शस्त्राला असावा तसा परवाना एका अवजाराला. महाराष्ट्रात १९६४ साली आणि गोव्यात १९८४ साली वृक्षतोडीचे नियमन करणारे कायदे झाले. झाड आपल्याच जागेतील असले तरी ते पाडण्याचा अधिकार निरंकुश नाही, हे तत्त्व त्यांत मान्य झाले आहे. करवत विकत घेण्यास फक्त पैसे लागतात. ती चालविण्यास अनेकदा परवानगीही लागते.

आणि याच इतिहासात एक असाही अध्याय आहे की जिथे माणसांनी जाणूनबुजून ही करवत खाली ठेवली. ३ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अस्पर्श रानांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली आणि आरंभी ९० लाखांहून अधिक एकर भूमी त्याखाली आली. या रानांत इंजिनांना सर्वसाधारणपणे मज्जाव आहे. पायवाटांवर दर हिवाळ्यात शेकडो झाडे पडतात; ती हटविण्यासाठी सरकारी वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक पुन्हा तीच दोघांनी ओढावयाची करवत हाती घेतात. मधल्या काळात ती पाजळण्याची विद्या जवळजवळ लोप पावली होती. म्हणून १९७७ साली वनखात्याने वॉरन मिलर या जाणकाराकडून तिच्यावर एक पुस्तिका लिहवून घेतली. १९३७ साली पुरी झालेल्या, साडेतीन हजार किलोमीटरच्या ॲपलेशियन पायवाटेवरही देखभालीचे बरेचसे काम स्वयंसेवक मंडळे करतात. जिथे इंजिनाला मोकळीक आहे तिथेही सरकारी रानात करवत चालविणाऱ्या स्वयंसेवकाला आधी शिक्षण घेऊन आपली पात्रता सिद्ध करावी लागते. म्हणजे तेथे ‘कोणती करवत’ या प्रश्नाआधी ‘करवत हवी का’ आणि ‘कुणाच्या हाती’ हे दोन प्रश्न विचारले जातात.

एवढा इतिहास ध्यानी घेतल्यावर आजची निवड फारशी अवघड राहत नाही. वर्षाकाठी वादळाने पडलेली पाच-पंचवीस झाडे, वाळक्या फांद्या, सरपण, एवढेच काम असेल तर ३५ ते ४५ घनसेंटीमीटरचे इंजिन आणि ३५ ते ४० सेंटीमीटरची पट्टी पुरेशी होते. पट्टी सोडून अशा यंत्राचे वजन चार-पाच किलोंच्या घरात असते. ७० घनसेंटीमीटरचे आणि त्याहून मोठे यंत्र रोज जाड वृक्ष पाडणाऱ्या कसबी माणसासाठी असते. हौशी माणूस त्याने लवकर थकतो, आणि थकलेल्या हाताला उसळी आवरत नाही. लांब पट्टी म्हणजे अधिक सामर्थ्य ही समजूतही फसवी आहे. पट्टी जितकी लांब तितके तिचे नाक नजरेपासून दूर, आणि धोका नाकातच वसतो.

विजेरीवर चालणाऱ्या करवती आता चांगल्या निघाल्या आहेत. त्यांना दोरी ओढावी लागत नाही, धूर नाही, आवाज आणि थरथर कमी. घराजवळच्या फांद्यांना आणि लहान बुंध्यांना त्या फार सोयीच्या. मात्र वादळानंतर वीजही गेलेली असते हे विसरून चालणार नाही. आणि त्या मुकाट असल्या तरी त्यांचे दाते तितकेच तीक्ष्ण असतात. ज्याला डोंगरातील पायवाट साफ करावयाची आहे त्याने करवतीबरोबर पेट्रोल, साखळीचे तेल, कानस, पाचरी आणि विजार हे सारे ओझे जमेस धरावे. मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्यांना घडीची हातकरवत पुरते, आणि पायवाटेवरील पुष्कळसे काम तेवढ्यानेच भागते. एकाच हातात मावणाऱ्या, वर मूठ असलेल्या लहान करवती दिसावयास मोहक असतात. पण त्या झाडावर दोराने बांधून घेऊन काम करणाऱ्या शिकलेल्या माणसांसाठी आहेत. जमिनीवर उभ्या असलेल्या नवख्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

पेट्रोलच्या यंत्रात साधे पेट्रोल चालत नाही. त्यात बहुतेक ठिकाणी लिटरमागे सुमारे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. विकत घेण्यापूर्वी यंत्र हातात धरून पाहावे, ढाल पुढे ढकलली की ब्रेक लागतो का ते पाहावे, मुठीखालची उशी पाहावी, साखळी आणि सुटे भाग जवळच्या गावी मिळतात का याची चौकशी करावी. किमतीत शिरस्त्राण, डोळ्यांचा चश्मा, कानांची झाकणे आणि विजार यांचाही खर्च धरावा. तो न परवडणाऱ्याला यंत्रच परवडत नाही असे समजावे. पडलेले झाड निपचित दिसते, पण त्याचा बुंधा धनुष्यासारखा ताणलेला असू शकतो. अशा झाडाला पहिला घाव कुठे घालावा हे ज्याला समजत नाही, त्याने त्या दिवसापुरता जाणत्या माणसाला मजुरी द्यावी. ती सर्वांत स्वस्त पडते.

४६ किलोंच्या यंत्रापासून चार किलोंच्या यंत्रापर्यंतचा हा प्रवास शंभर वर्षांचा आहे. या वाटेवर जर्मनीच्या डोंगरात घाम गाळणारे दोघे आहेत, ओरेगॉनच्या ओंडक्यातली अळी आहे, फिनलंडच्या कामगाराची पांढरी बोटे आहेत, आणि करवतीसमोर मुलांना घेऊन उभ्या राहिलेल्या आक्रेच्या बायाही आहेत. दुकानाच्या फळीवर चकचकीत रंगात मांडलेल्या यंत्रामागे ही सारी माणसे उभी आहेत. त्यांची आठवण ठेवून जो निवड करील तो आपल्या कामाच्या मापाचे, आपल्या हाताला पेलणारे यंत्र घरी आणील, आणि त्या हाताची दहाही बोटे शाबूत ठेवील.